पाणी ओलं असताना

चित्र मागायला आली तेव्हा अपूर्वा माप घेऊनच आली होती. सोफ्यामागच्या भिंतीची लांबी, सोफ्याचा रंग, सगळं मोबाइलमध्ये टिपलेलं.

"आई, सनसेट हवा. तळं, काळी काळी झाडं, पाण्यात रिफ्लेक्शन. आमच्या ऑफिसच्या लॉबीत आहे ना, तसं. सोफा मरून आहे, म्हणून ऑरेंज जरा जास्त."

"सूर्य कुठे मावळवायचा तेही सांगून ठेव," हे पेपराआडून म्हणाले. "उजव्या उशीपाशी की डाव्या?"

"मधोमध चालेल, बाबा. टीव्हीवरून नजर हटली की दिसेल असा."

ती मूळची नारायण पेठेतली. टोमण्याला टोमणा तिला शिकवावा लागत नाही.

अपूर्वा माझी सून. ती आणि माझा मुलगा शौनक, दोघंही खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. कात्रजहून तिकडे जाऊन येऊन दोघं पिचून गेली होती, म्हणून तिकडेच फ्लॅट घेतला. मार्गशीर्षात वास्तुशांत करायची, तोवर आमच्यातच.

आमचं घर तळ्याकाठी आहे. ह्यांच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्ती हातात ठेवली तेव्हा शहरातली भाड्याची जागा सोडून आम्ही इथे आलो. तेव्हा नातेवाईक विचारायचे, कात्रज डेअरीच्या पुढे माणसं राहतात का. आता इथल्या प्रत्येक नव्या इमारतीच्या पाटीवर 'लेक व्ह्यू' असतं. आमची गॅलरी पश्चिमेला. समोर पाणी, पाण्याच्या पलीकडे बांध, बांधावर बाभळी आणि एक देऊळ, बांधामागे टेकडी. सूर्य तिथेच उतरतो.

सूर्य टेकडीला टेकला की देवापाशी दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही. शौनक लहान असताना त्याला गोवर उलटला होता. डॉक्टरांनी हात टेकले. सासूबाई म्हणाल्या, दिवेलागणीचं मौन धर. चातुर्मासापुरतं धरलं होतं. पोर उठून बसलं, मग सोडायचा धीर झाला नाही. देवाने आपला शब्द पाळल्यावर आपण मुदत कशी मागायची? घरात सगळ्यांना ती वेळ ठाऊक आहे. फोन वाजला तर मी उचलत नाही. दार वाजलं तर उघडते आणि हातानेच बसा म्हणते.

त्या वेळात मी गॅलरीत चित्र काढत बसते. खालच्या मजल्यावरची हेमा चित्रकलेचे वर्ग घेते, तिच्याकडून तैलरंग शिकले. हाताला काम असलं की जीभ गप्प राहते. पण गॅलरीत बसायचं कारण नुसतं चित्र नव्हतं.

आनंदी माझी मुलगी, शौनकहून मोठी. तीही सॉफ्टवेअर कंपनीतच नोकरीला, आणि तिथेच तिने योगेशशी लग्न ठरवलं. योगेश वाशीमकडून शिकायला आलेला. मान खाली घालून चहा पिणारा, शांत मुलगा. ह्यांनी त्याला आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. ह्यांनी त्याचा चहा संपू दिला आणि म्हणाले, "बरंय. तुम्हाला बसला उशीर होत असेल."

आनंदीने नोंदणी करून लग्न केलं, आणि तिला ह्या घराचा जिना बंद झाला. भांडण असं झालं नाही. आमच्याकडे आवाज चढत नाहीत, दारं लागतात.

तिचं बिऱ्हाड जवळच, आंबेगावला. कंपनीच्या बसमधून चौकात उतरली की एखाद्या संध्याकाळी ती वाट वाकडी करून बांधावर येते आणि उभी राहते. एका पायावर भार, डाव्या खांद्याला बॅग. सूर्य तिच्या पाठीशी असतो, म्हणून मला नुसती काळी आकृती दिसते. चेहरा नाही. ऊन माझ्या तोंडावर असतं, म्हणून तिला मी पुरती दिसत असेन. मध्ये सगळं तळं. हाक पोचायची नाही, आणि ती वेळ हाक मारायचीही नव्हे. मी दिवा लावायला आत वळले की ती जाते. ह्यांना हे ठाऊक नव्हतं. शौनकला होतं. एकदा माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. "आज पण आहे का," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. यंदा आनंदीने ताट घेऊन गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळलं. चौकात भाजी घेताना हेमाला तिने हे स्वतःच सांगितलं, हसत हसत.

हेमाने मला सांगितलं तेव्हा मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शौनकला दूध देताना म्हणाले, "वास्तुशांतीला आनंदी आणि योगेश येऊ देत. तुझ्या घरी तरी."

"बघू या की. बाबांशी बोलतो."

"घर तुझं आहे."

"अगं, बोलतो म्हटलं ना, आई."

घर त्याचं होतं, तिथला जिना ह्यांचा नव्हता. माझी सगळी आशा एवढ्याच गोष्टीवर होती. ती एकदा त्या उंबऱ्यातून आत आली, चार लोकांत जेवली, की इकडचं दारही केव्हातरी उघडेल.

मी चित्र सुरू केलं. हेमा कॅनव्हासवर लक्ष ठेवून होती.

"काकू, रंग घोटत बसू नका. सूर्यापाशी पिवळा, मग केशरी, वर जांभळा. पुसत राहिलात की चिखल होतो. आणि पाणी म्हणजे काय वेगळं नसतं, तेच आकाश, जरा मळकं."

"झाडं कधी?"

"झाडं राहू द्यात. आधी झाडांची प्रतिबिंबं. पाणी ओलं असताना सरळ खाली ओढायची, मग कोरडा ब्रश आडवा, अगदी हलका. पाणी वाळल्यावर काढलीत तर चिकटवल्यासारखी दिसतात. वरची झाडं, देऊळ, माणसं, जे काय काळं असेल ते पाणी वाळल्यावर. आठवडाभर तरी जाईल."

"म्हणजे आधी सावली, मग माणूस."

"उलटा संसार आहे आमचा," हेमा म्हणाली. "आणि काकू, दिसतं तेवढंच काढायचं. आठवणीतलं काढलं की खोटं पडतं."

त्या संध्याकाळी आनंदी बांधावर होती. मी ओल्या केशरी पाण्यात बाभळींची प्रतिबिंबं ओढली, देवळाच्या कळसाचं ओढलं, आणि शेवटी तिचं. डोकं खाली, पाय वर, एका पायावर भार. आडवा ब्रश फिरवला तशी ती थोडी थरथरली आणि पाण्यात बसली. वरचा बांध अजून मोकळाच होता.

सकाळी हेमा वाकून बघत राहिली.

"ही आनंदी ना?"

"हो."

"अपूर्वाला सांगितलंत?"

"तिला फक्त ऑरेंज हवा आहे," मी म्हणाले.

रविवारी अपूर्वाचे वडील रंगनाथराव आले. निवृत्त शिक्षक, कपाळाला गंध, बोलणं तुपातलं. वास्तुशांतीच्या पत्रिकेचा मजकूर नक्की करायचा होता. चहा झाला, पोहे झाले. मी गॅलरीत गेले. चित्र वाळत भिंतीला टेकून उभं होतं. सूर्य टेकडीला टेकला, आणि शौनक गॅलरीच्या दारात आला. त्याच्यामागे हॉलमध्ये सगळे बसलेले दिसत होते.

"आई, पत्रिका उद्या छापायला जाणार. आनंदीचं काय ते आत्ता ठरवून टाकू. सगळे आहेत."

मी हात वर करून थांब म्हटलं आणि देवघराकडे बोट केलं. ही खूण त्याला लहानपणापासून कळते.

"लांबण नको ना लावूस. बाबांनी तुझ्यावर सोपवलंय. तू म्हणशील तसं."

"हो, मी शब्द दिलाय," हे आतून म्हणाले. "ती म्हणेल ती पूर्व दिशा."

मी पुन्हा देवघराकडे बोट केलं.

"बरं, सोपं करतो," शौनक म्हणाला. अगदी मऊ आवाजात. तो आवाज माझाच आहे, त्याने माझ्याकडून घेतलेला. "नको असेल तर काही बोलू नकोस. आम्ही समजून घेऊ."

सकाळपासून तो घरातच होता. दुपारी मी त्याला गरम गरम पोळ्या वाढल्या होत्या. तेव्हा विचारता आलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. सूर्य किती उरलाय ते बघत होता.

"आनंदीला बोलाव," मी म्हणाले. "योगेशलाही."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. अपूर्वाच्या हातातली बशी ट्रेला लागली, तेवढाच काय तो आवाज. मग ह्यांनी पेपराची घडी घातली.

"मोडलं," हे म्हणाले. "पोराच्या जिवासाठी धरलेलं. मोडलं."

"आई, हे काय केलंस तू," शौनक म्हणाला. ह्या वेळी त्याचा आवाज मऊ नव्हता. त्याला खरीच भीती वाटली होती, स्वतःच्या जिवाची.

रंगनाथराव उठून गॅलरीच्या दारापर्यंत आले. "विहीणबाई, मनाला लावून घेऊ नका. माणूस आहे, होतं. एखादं पारायण करा, उद्यापन करून टाका, देव काही सावकार नाही. फक्त एवढंच, की व्रत मोडून आलेला शब्द वास्तूच्या कामात धरू नये. घराचा आरंभ असतो. जुने लोक म्हणायचे."

"कुठले जुने लोक, देव जाणे," हे म्हणाले. ह्यांनी आयुष्यात कधी देवापुढे हात जोडले नाहीत. "पण मुद्दा बरोबर आहे."

मी आत गेले. काडी दोनदा विझली. दिवा लावला, शुभं करोति म्हटलं, कुंकवाचं बोट लावलं आणि हॉलमध्ये येऊन उभी राहिले.

"आता दिवा लागलाय. आता धरा. आनंदीला आणि योगेशला बोलवायचं."

अपूर्वा कप गोळा करत होती, ती तशीच स्वयंपाकघरात गेली. तिला ह्यात काही म्हणायचं होतं की नाही, मला कधीच कळलं नाही.

"आई, आता पुन्हा तेच नको ना," शौनक म्हणाला. "झालं तेवढं पुरे नाही का?"

"एका गोष्टीला दोनदा कौल लावत नाहीत," हे म्हणाले. "विचारायचं तेव्हा विचारून झालं."

मी गप्प राहिले असते तर तो नकार होता. बोलले, तर ते धरायचं नव्हतं. दिवा लावून बोलले, तर वेळ निघून गेली होती. हे तिघांनी बसून ठरवलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं. नंतर ते गाड्या कुठे लावायच्या ह्यावर बोलू लागले. रंगनाथराव जाताना मला वाकून नमस्कार करून गेले.

तीन-चार दिवसांनी आनंदी बांधावर आली. तिला बघताच मी पायात चपला सरकवल्या आणि खाली उतरले. तळ्याला वळसा घालून बांधावर पोचेपर्यंत दम लागला. सूर्य टेकला होता.

"आई? तू इथे?"

"तुला सांगायला आले. वास्तुशांतीचं..."

"शौनकचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुला सगळ्यांसमोर विचारलं म्हणाला. तू गप्प होतीस म्हणाला. बिचारा फार ओशाळला होता."

"मी गप्प नव्हते. मी बोलले."

"कधी?"

"तेव्हाच. दिवा लागायच्या आधी."

ती हसली. वाईट नाही हसली. लहान मुलाने काही सांगितल्यावर आपण हसतो तसं.

"त्या वेळात? तू? आई, मी हौदावरून पडले होते, आठवतंय? गुडघा फुटला होता. तू मला उचललंस, नळाखाली धरलंस, हळद दाबलीस. पण फार लागलं का गं, एवढंही विचारलं नाहीस. दिवा लावून आलीस आणि मग विचारलंस. तोवर माझं रडून झालं होतं."

"अगं, आत्ता बोलतेय ना मी. बघ की, सूर्य अर्धा आहे अजून."

तिने मागे वळून सूर्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे सोडलंस ते," ती म्हणाली. "बरोबर आहे. त्याच्यासाठी धरलं होतंस. त्याचं घर झालं, बायको झाली. आता काय काम मौनाचं?"

"तुझ्यासाठी मोडलं."

मी तिच्या इतक्या जवळ उभी होते, तरी उजेड तिच्या पाठीशीच होता आणि तोंड काळोखात. मला तिचा चेहरा बघायचा होता. मी एक पाऊल बाजूला झाले, तशी तीही वळली, निघण्यासाठी.

"ऐकायला बरं वाटलं गं," ती म्हणाली. "पण मी काय आता लहान राहिले नाही. माझी समजूत नको घालूस. योगेशची आई आली आहे गावाहून. मला यायला उशीर झाला की ती जिन्यात येऊन बसते. जाते मी."

जाताना तिने माझा पदर सरळ केला. चालताना सुटला होता.

त्यानंतर ती बांधावर आली नाही. मी रोज बसत होते. मोकळा बांध, बाभळी, घरी जाणारी कुणाची तरी गुरं. चित्रातलं पाणी वाळलं. बोट लावून पाहिलं, रंग हाताला आला नाही.

मी काळं कालवलं. हेमा निव्वळ काळा वापरू देत नाही. गडद निळा आणि तपकिरी मिसळला की काळं होतं आणि त्यात उजेड राहतो, असं तिचं म्हणणं. बाभळी काढल्या, प्रत्येक तिच्या प्रतिबिंबाच्या वर बरोबर बसवली. देऊळ काढलं, कळस काढला. बांधाची रेघ ओढली. मग त्या जागी आले. ब्रशला रंग होता. बांधाकडे पाहिलं. दिसतं तेवढंच काढायचं होतं. मी ब्रश धुऊन ठेवला.

वास्तुशांत थाटात झाली. होम झाला, आहुती झाल्या, दारावर तोरण, तळमजल्यावर जेवणाच्या पंगती. शौनकने सगळ्यांना फिरून फिरून मॉड्युलर किचन दाखवलं. हे मरून सोफ्यावर मधोमध बसले आणि येणाऱ्याचे नमस्कार घेत राहिले. त्यांच्या डोक्यावर माझा सूर्य मावळत होता. लोक चित्राचं कौतुक करत होते. कुणी म्हणालं काश्मीर का, कुणी म्हणालं केरळ.

"कात्रज," हे म्हणाले. "पण तेवढं सांगितलं की किंमत कमी होते."

रंगनाथरावांनी चष्मा काढून पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, "जिवंत आहे हो, विहीणबाई. हात आहे तुमच्यात."

दुपारनंतर गर्दी ओसरली. अपूर्वा पैठणीतच सोफ्यावर टेकली होती. मान मागे टाकून चित्र बघत होती, आणि तशीच उठून उभी राहिली.

"आई, इथे पाण्यात काहीतरी डाग पडलाय का? हा, बांधाच्या खाली. वर तर काहीच नाही."

"बघू," म्हणून शौनक तिच्यामागे येऊन उभा राहिला. एका पायावर भार देऊन. दोघा भावंडांना तीच सवय आहे. तो बराच वेळ बघत होता. त्याने ओळखलं का, मला सांगता येणार नाही. तोंड त्याचं चित्राकडे होतं.

"थोडा ऑरेंज मार ना, आई, त्यावर," तो म्हणाला. "झाकून जाईल."

"झाकायचं नाही ते," मी म्हणाले. "पाणी ओलं असताना पडलेलं आहे. वरून लावलं की जास्तच दिसेल."

"असू दे मग," अपूर्वा म्हणाली. "लांबून नाही कळत."

हेमा भेटवस्तूंच्या ढिगापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली फरशीकडे.

त्या फ्लॅटमधून मावळतीची बाजू दिसत नाही. समोर काचेची इमारत आहे, तिच्या काचा लाल झाल्या तेवढंच समजलं. मी शौनकला काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. ह्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"थांबा रे," हे म्हणाले. "तिची वेळ झाली."

आणि सगळे माझ्याशी बोलायचे थांबले.